लंगडा डब्ल्यू

आमच्या ग्रंथालयात मंगळवारी आला असतात, तर पाच मिनिटांत तुम्हीही माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजला असतात, "ते कोपऱ्यातले गृहस्थ पुस्तक उलटं धरून वाचतायत!" निम्मं कार्ल्सरूहे शहर हे कुजबुजून गेलंय. मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "या, या." जर्मन माणसाला ते 'हो, हो' वाटायचं. माझा अर्थ शुद्ध मराठी असायचा: आलात का तुम्हीही!

ते गृहस्थ म्हणजे काका, निवृत्त इंजिनिअर, मूळचे साताऱ्याचे. वडील छापखान्यात जुळारी. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, तेही उलटे वाचत. "सुलटं धरलं की शब्द दिसतात हो सूनबाई, आणि अक्षरं लपून बसतात," काका म्हणायचे. मी सूनबाई, कारण माझा नवरा इथला. काकांच्या हिशेबी मी अख्ख्या जर्मनीची सून.

अमेरिकेचं वेड त्यांना एका चुकीतून लागलं. जर्मनीतल्या पहिल्या वर्षी घरची आठवण आली, म्हणून आपल्या लोकांबद्दल काही वाचावं असं त्यांच्या मनात आलं. ग्रंथालयाच्या मागणी-चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'इंडियानर'. जर्मनमध्ये आपण भारतीय ते 'इंडर'. 'इंडियानर' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. झालं! समोर अमेरिकेच्या जुन्या पुस्तकांचा ढीग. "भारत शोधायला निघून अमेरिकेला लागलेला मी काही पहिला नव्हे," काका छाती फुगवून सांगत. "पण त्याला जहाजं लागली. माझं ट्राममध्ये भागलं."

गेल्या वर्षी त्याच संग्रहातून एक पिवळं पत्रक निघालं. जर्मन भाषेत, जुन्या टोकदार अक्षरांत; अमेरिकेच्या बंदरात उतरणाऱ्या जर्मनांना सूचना. न वाचता सही करू नका. गोड बोलून घरी नेणाऱ्याबरोबर जाऊ नका. काका खूश! "आपण फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा कुणी दिलं असं? मी तर घराच्या करारावर न वाचता सही केली आणि दोन वर्षं अख्ख्या इमारतीचा जिना पुसला!"

पत्रकावर गाव नव्हतं, छापखाना नव्हता. आमच्या विभागप्रमुख बाईंनी नोंदीत लिहिलं, 'जर्मनी (?)'.

काका पेटले. "इथे छापलं असेल तर तो उपदेश. तिथे छापलं असेल तर तो अनुभव. फसलेल्या माणसांनी मागून येणाऱ्यांसाठी छापलाय, आणि तुम्ही त्यांना घरी बसवताय?"

"पुरावा?" बाई म्हणाल्या.

पुढचे तीन मंगळवार काकांनी पेनसिल्व्हेनियात छापलेलं एक जर्मन पंचांग उलटं धरून काढले. चौथ्या मंगळवारी आपली कडक इस्त्री केलेली कॉलर सावरत त्यांनी बाईंना बोलावलं. भिंगाखाली पत्रकातला डब्ल्यू होता, डावा पाय मोडलेला. शेजारी पंचांगातला डब्ल्यू. तोच पाय, तिथेच मोडलेला.

"खिळा एकच आहे," काका म्हणाले. "दोन्हीकडे सारखाच लंगडतोय."

"एक लंगडा योगायोगाने भेटू शकतो," बाई म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणून आणखी सहा लंगडी अक्षरं आणलीत."

बाई तासभर भिंगावरून उठल्या नाहीत. उठल्या त्या थेट संगणकाशी. 'जर्मनी' खोडलं, 'पेनसिल्व्हेनिया' लिहिलं आणि सवयीने पुढे टाइप केलं, (?).

काका खुर्चीतून उठले. त्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिले, नोकरीच्या अर्जावर आपलं नाव चुकलेलं दिसावं तसे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि एक बटण दाबलं. प्रश्नचिन्ह गेलं.

काकांनी बाईंचा हात हातात घेऊन इतका वेळ हलवला की शेवटी मला मध्ये पडावं लागलं.

आता ते दूर गार्चिंग गावी मुलीकडे राहतात. कोपऱ्यातल्या जागेवर हल्ली एक विद्यार्थिनी पुस्तक सुलटं धरून वाचते, आणि माझ्याशी कुजबुजायला कुणी येत नाही. मंगळवारी दहा वाजता फोन मात्र वाजतो.

"सूनबाई, ते परत तर आलं नाही ना?"

"नाही हो काका."

"उघडून बघितलंत?"

मी उघडते. पेनसिल्व्हेनिया. पुढे कोरी जागा.

"नाही आलं, काका."

"बघत राहा हं. बाई भल्या आहेत, पण जर्मन आहेत."