कापसाच्या पातीवरचे उतारे

इंग्रजी मोठ्यानं वाचण्यात आमच्या गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेत पाहुणे आले की मास्तर मलाच उभं करायचे, आणि मी कुठंही न अडखळता अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवायची. पाहुणे माना डोलवायचे. धड्यात आहे काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मलाही तो प्रश्न कधी पडला नाही.

उताऱ्याचे मार्क तर हक्काचे होते. त्याची युक्ती अख्ख्या वर्गाला येत होती. प्रश्नातला जाडजूड शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठं आहे ते हुडकायचं आणि ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायची. कापूस वेचताना करतात तसं, फुटलेलं बोंड दिसलं की हात घालायचा, झाडाकडं कोण बघतंय! या युक्तीवर मी दहावी-बारावी काढली आणि नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला मोठ्या ऐटीत जाऊन बसले.

तिथं ओळ उतरवायची सोयच नव्हती. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि चारींमध्ये उताऱ्यातलेच शब्द पेरलेले. मी जिथं शब्द जास्त जुळले तिथं गोल काळा केला आणि साफ आपटले. बाकी विषय बरे होते, इंग्रजीनं घात केला.

वडील रागावले नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. एक वर्ष घरी अभ्यास कर, पुन्हा परीक्षा दे. तेव्हाही नाही जमलं तर शहाद्याला बीएला नाव घालायचं, मग नर्सिंगचा विषय काढायचा नाही. बीए वाईट असतं असं नाही, पण मला नर्सच व्हायचं होतं. आईचं धुळ्याला ऑपरेशन झालं तेव्हा ती भीतीनं थरथरत होती. एक नर्स आली, आईशी चक्क आमच्या अहिराणीत बोलली आणि आईची थरथर थांबली. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला तसं व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

अभ्यासाला बसले आणि दसऱ्यानंतर कापूस फुटला. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडं घरात कोणी बसत नाही, मग ती परीक्षेची पोरगी का असेना. आई, काकू, गल्लीतल्या दोघीतिघी आणि मी, असा आमचा ताफा. एकेकीनं एकेक पात, म्हणजे कपाशीची ओळ, धरायची आणि कमरेला ओटी बांधून पुढं सरकायचं. एका क्लासनं छापलेलं परीक्षेच्या तयारीचं पुस्तक मी ओटीत घालूनच न्यायची.

पहिल्या दिवशी बांधावरच्या निंबाखाली भाकरी खाऊन झाली आणि मी पुस्तक काढून मोठ्यानं वाचायला लागले. खरं सांगायचं तर अभ्यास कमी आणि रुबाब जास्त होता. बायका गप्प होऊन ऐकत राहिल्या. उतारा संपला तशी काकू म्हणाली, ‘‘भारी वाचस वं तू! आते आम्हले सांग, काय शे त्याम्हा?’’

माझी ही काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. शाळेचं तोंड पाहिलेली नाही, पण गोष्टीची भुकेली. तिला नाही म्हणायची सोय नव्हती. मला उताऱ्यातले म्हातारा, कुत्रा, विहीर, दुकान एवढे शब्द ओळखीचे वाटले होते. त्यांना टाके घालून मी एक गोष्ट ठोकून दिली. आई शांतपणे म्हणाली, ‘‘कुत्रा विहिरम्हा पडना, मंग दुकानम्हा त्याना संगे कोन गया?’’

मी पुन्हा पुस्तकात कुत्रा शोधायला लागले. काकू खो खो हसली. ‘‘तुलेच समजनं नही, आसं सांग ना!’’

मला असा राग आला! काकूचा, पुस्तकाचा, पाहुण्यांपुढं मला उभं करणाऱ्या मास्तरांचा. संध्याकाळी घरी येऊन मी तो उतारा पुन्हा काढला. परीक्षेसाठी नाही, काकूचं तोंड बंद करायला. आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजी हळू वाचलं. प्रत्येक वाक्याला थांबले आणि ते अहिराणीत सांगता येतंय का बघितलं. येत नसेल तर ते मला कळलेलं नाही, एवढा साधा हिशेब. प्रत्येक शब्दावाचून अडत नाही हेही तेव्हाच कळलं. ज्या शब्दाशिवाय गोष्ट पुढं जात नाही तेवढाच मोबाईलवर बघायचा, बाकीचे सोडून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी कुत्रा विहिरीबाहेर आला, म्हणजे तो पडलाच नव्हता. बायका खूश झाल्या आणि रोज नवी गोष्ट मागायला लागल्या. मधमाश्या झाल्या, हिवताप झाला, बर्फाचे डोंगर झाले. एका उताऱ्यात कसल्याशा यंत्राचं नुसतं कौतुकच कौतुक होतं. काकू म्हणाली, ‘‘हाई त्या इकनारानंच लिखेल शे.’’ रात्री क्लासच्या पुस्तकात प्रश्न बघते तर हाच: लेखकाचा हेतू काय? यंत्र विकणं, हे काकूनं आधीच सांगितलं होतं. मी अंथरुणावर उठून बसले.

पण माझी खरी कोंडी झाली ती कोळणीच्या उताऱ्यात. थंड मुलखातल्या किनाऱ्यावर एक बाई राहते. नवरा समुद्रावर गेलेला. ती रोज संध्याकाळी त्याच्यासाठी खिडकीत दिवा लावते. एका संध्याकाळी ती दिवा लावत नाही. टेबलावर दोन कप चहा वाफाळत असतो. उतारा संपला.

‘‘मंग दिवा काबर नही लाया?’’ काकू.

‘‘ते लिहिलेलं नाही,’’ मी शाळेच्या मराठीत ठसक्यात सांगितलं.

‘‘लिखेल नही ते नही. तुले काय वाटस?’’

मला काय वाटतं! बारा वर्षांच्या शाळेत हा प्रश्न मला कोणी केला नव्हता. एकजण म्हणाली, तेल संपलं असेल. दुसरी म्हणाली, नवरा मेला असेल, आशा सुटली असेल. भराभर कापूस ओटीत पडत होता आणि वाद रंगला होता. आई पातीच्या टोकाला पोहोचली होती, ती तिथूनच ओरडली, ‘‘कप किती सांगात तू?’’

‘‘दोन.’’

‘‘अवं, मंग तो घर ई गया ना!’’

मी तो उतारा तीनदा वाचला होता, दोन कप मी स्वतःच्या तोंडानं सांगितले होते, आणि घरी परतलेला नवरा मला दिसला नव्हता. न लिहिलेलंही उताऱ्यात असतं, आणि ते कुठं असतं हे मला त्या दिवशी कापसात उभं राहून समजलं. त्यानंतर मी प्रत्येक उताऱ्यात कप शोधायला लागले.

उन्हाळ्यात परीक्षा आली. नंदुरबारच्या केंद्रावर पंखे गरगरत होते आणि माझ्या समोर उतारा होता एका म्हाताऱ्या पोस्टमनचा. तो आपली जुनी सायकल विकतो. व्यवहार होऊन गेलेला, तरी तो चेनीला तेल घालतो, सीट पुसतो, घंटी वाजवून बघतो आणि घेणाऱ्याला म्हणतो, उद्या आलास तर नाही का चालणार? प्रश्न होता, म्हातारा असं का म्हणतो? पर्याय: त्याला जास्त पैसे हवेत, सायकल बिघडलेली आहे, त्याला घाई आहे, आणि चौथ्यात एक लांबलचक शब्द जो मी कधी पाहिला नव्हता.

गेल्या वर्षीची मी असते तर पैशांवर गोल केला असता, कारण तो शब्द उताऱ्यात होता. पण मला आम्ही विकलेला बैल दिसला. कासरा दुसऱ्याच्या हातात गेल्यावर वडिलांनी त्याला पुन्हा धुतलं होतं, ओंजळीनं ढेप चारली होती आणि घेणाऱ्याला आग्रह केला होता, चहा घेऊनच जा. म्हाताऱ्याला सायकल सोडवत नव्हती. पहिले तीन पर्याय खोटे होते, म्हणून त्या अनोळखी शब्दाचा अर्थ तोच असणार. मी बेधडक चौथा गोल काळा केला आणि परीक्षेच्या हॉलमध्ये एकटीच हसले.

स्टँडवरून थेट शेतात गेले. बायका सरकी टोबत होत्या, एकेक बी मातीत खोचत. पेपर कसा गेला हे कोणी विचारलं नाही. काकूनं विचारलं, ‘‘पेपरम्हा काय गोट उनी?’’ मी पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मास्तरांच्या काळात पैकीच्या पैकी मार्क पडूनही मला हे जमलं नसतं. घंटी वाजवण्यापाशी मी मुद्दाम थांबले आणि म्हटलं, सांगा, उद्या ये असं काबर म्हणतो?

‘‘त्याना जीव गुतेल शे तिम्हा,’’ आई म्हणाली, आणि खाली बघून पुन्हा सरकी टोबायला लागली.

निकाल आला तेव्हा वडिलांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून माझे मार्क दोनदा वाचले आणि मला नर्सिंगला सीट मिळणार म्हणून अंगणातूनच अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं. मी अनवाणी शेताकडं पळाले. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती, बायका तण निंदत होत्या. धापा टाकत मी म्हटलं, झाले पास!

काकू विळा हातात घेऊन उभी राहिली. ‘‘ते ऱ्हाऊ दे. सायकलनं उत्तर बरोबर निंघनं का?’’

‘‘निंघनं!’’ निकालासोबत आलेल्या उत्तरसूचीत मी आधी तेच बघितलं होतं.

‘‘मंग आपन बठ्ठ्या पास,’’ काकू साऱ्याजणींकडं विळा दाखवत म्हणाली आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल एवढ्यानं हसली.