शनिवारचा पाना

माझा भाऊ बन्यामीन ड्रायव्हर होता आणि त्याला एक खोड होती. कुठलाही नट त्याला ढिला बघवायचा नाही. दाराची बिजागरी असो, कुणाची सायकल असो, चर्चमधली बाजाची पेटी असो, दिसला स्क्रू की पिळलाच. मी त्याला म्हणायची, दादा, एक दिवस माझी मानसुद्धा पिळून घट्ट करशील. तो नुसता हसायचा. त्याच्या हातात जोर फार, आणि त्या जोराचा त्याला पत्ताच नसायचा.

आमच्या शिरूरच्या मिशन कंपाउंडात रविवारी हत्याराला हात लावायचा नाही असा नेम. लाकडं फोडायची ती शनिवारी, बुटांना पॉलिश शनिवारी, तांदूळ निवडायचे ते पण शनिवारीच. दादाचा शनिवार गाडीचा. उन्हं कलली की गाडी कडुनिंबाखाली लावायची, धुवायची, मग पाना घेऊन पुढून मागपर्यंत एकेक नट बघायचा आणि प्रत्येकाला जरासा पीळ द्यायचा. उद्या देवाचा दिवस, गाडी चोख पाहिजे, म्हणायचा. आमच्या आबांनी बैलगाडीच्या वंगणापासून हीच सवय त्याला लावली होती.

ती गाडी अमेरिकन, लांबलचक, आणि आत थंड हवा येणारी. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी ती बोटीतून आणली होती. बासष्ट साली साहेब कायमचे परत गेले, तोवर गाडी जुनी झाली होती आणि पेट्रोल नुसती ढोसायची. दवाखान्यानं जीप घेतली. साहेब जाताना गाडी दादाच्या नावावर करून गेले. कंपाउंडातल्या बायका म्हणाल्या, बन्यामीनचं नशीब फळफळलं. मला असा राग यायचा त्यांचा! ती गाडी बक्षीस नव्हती. साहेबांनी ती विल्यमसाठी दिली होती.

विल्यम दादाचा मुलगा. त्याला घाम यायचा नाही. डोक्यावर केस विरळ, दात मोजके आणि टोकदार, बाकी पोरगं हुशार आणि गोड. पण ऊन तापलं की त्याचं अंग तापायचं आणि ते खाली यायचंच नाही. त्याच्या आधीचा योहान असाच होता. तो तीन वर्षांचा असताना एका वैशाखातल्या दुपारी मेरीवहिनीच्या मांडीवर आचके देऊन गेला. तेव्हा कुणी नजर म्हणालं, कुणी दात येतायत म्हणालं. विल्यम झाल्यावर साहेबांनी नीट तपासलं आणि सांगितलं की या मुलाच्या कातडीत घामाची सोयच नाही. याला औषध नाही. याला ओला ठेवा आणि गार ठेवा, मोठा झाला की स्वतःला सांभाळायला शिकेल.

मी त्याच दवाखान्यात वॉर्डात आया होते, म्हणून हे मला तोंडपाठ आहे. ओल्या चादरीत गुंडाळून दोन उन्हाळे काढले. पण त्या ओल्यानं त्याच्या छातीत कफ भरायचा, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तर न्यूमोनिया होऊन पोरगं जाता जाता राहिलं.

मग गाडी आली. दादानं दवाखान्यातली ड्रायव्हरची नोकरी सोडली आणि गाडी भाड्यानं चालवायला घेतली. शिरूर ते दौंड, दौंड ते शिरूर. भरदुपारी दौंड स्टेशनवर उतरणारी व्यापारी माणसं, लग्नाची माणसं थंड गाडी म्हणून चार पैसे जास्त द्यायची. त्यातून पेट्रोल निघायचं आणि विल्यम पुढच्या सीटवर बसून दिवसभर गारव्यात राहायचा. त्या पोराचे दोन उन्हाळे असे वाटेतल्या न्हावऱ्याच्या रस्त्यावर गेले. चित्रांचं पुस्तक मांडीवर, नाक काचेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचा. मला तर वाटायला लागलं होतं की आता निभावलं.

चौसष्ट सालच्या मार्चमध्ये थंड हवा बंद पडली. पंखा फिरायचा, पण वारा गरम. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तसाच गाडी घेऊन पुण्याला गेला. तिथल्या दुकानदारानं बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, गॅस संपलाय, तो परदेशातून येतो. मग जी किंमत सांगितली ती ऐकून दादा पाणी न पिता परत आला. गाडी विकली असती तरी तेवढे आले नसते. मी म्हणाले, मिशनकडं माग. तो म्हणाला, मागितले, लिडे. पैसे न्हाईत त्यांच्याकडं. आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. एप्रिल तोंडावर होता.

भैरूआप्पा त्याला दौंडलाच भेटले. हे रेल्वेत थंड डब्यांवर फिटर. घरची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. यांच्या वडिलांनी कळप मोडून शेती धरली आणि हे रेल्वेच्या कॉलनीत राहायला आले. सुट्टीच्या दिवशी कुणाकुणाची बर्फाची कपाटं दुरुस्त करायचे. त्यासाठी मुंबईहून स्वतःच्या पैशानं आणलेलं गॅसचं एक नळकांडं त्यांच्या घरी होतं, अर्धंअधिक संपलेलं. दादानं पोराला त्यांच्यापुढं उभं केलं. आप्पांनी विल्यमच्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवला. मग म्हणाले, पैशाचं राहू द्या. माझ्या धाकटीचं वैशाखात लगीन हाय, नवरानवरीला या गाडीतनं गारेगार मिरवायचं. फिटलं.

रस्त्यालगतच्या त्यांच्या अंगणात काम झालं. आप्पांनी साबणाचा फेस करून नळ्यांच्या सांध्यांना फासला. पुढच्या एका सांध्यावर बुडबुडा आला. नट खोलून पाहिला तर तांब्याच्या नळीचं तोंड चिरलेलं. नट फार आवळला की ते तांबं पातळ होतं आणि फाटतं, असं त्यांनी सांगितलं. फाटका भाग कापला, तोंड नव्यानं घडवलं, नळ्यांतली हवा ओढून काढली आणि होता नव्हता तेवढा सगळा गॅस आत सोडला. थोड्या वेळानं गार वारा यायला लागला. विल्यम त्या वाऱ्यापुढं तोंड उघडून बसला, दात मोजून घ्यावेत असा.

निघताना आप्पांनी दादाचा हात धरला. "बन्यामीनमामा, नळकांडं रिकामं झालं. दुसरं यायला दिवाळी उजाडंल. त्या नटाला हात लावू नका."

दादानं मान हलवली. त्यानं मला घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. पण सांगताना त्याचा चेहरा मला बघवेना. आवळून आवळून नळी कुणी फाडली, ते त्याला कळलं होतं.

पहिल्या शनिवारी त्यानं गाडी नुसती धुतली. पाना पेटीतून काढलाच नाही. दुसऱ्या शनिवारी पण तसंच. हात मांडीवर ठेवून पायरीवर बसून राहायचा, दारू सुटलेल्या माणसासारखा. मग मधल्या आठवड्यात न्हावऱ्याच्या पुढं गाडी एका खड्ड्यात जोरात आदळली, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. सारखा बॉनेट उघडायचा. नटावर बोट टेकवायचा. वहिनीला विचारायचा, गार येतंय ना, कालच्याइतकंच येतंय ना? ती म्हणायची, अहो येतंय. त्याला पटायचं नाही. सांधा ढिला पडला असंल, गॅस थोडा थोडा जात असंल, हेच त्याच्या डोक्यात. माणसाला भीती वाटली की तो आपल्याला जे येतं तेच करतो.

तिसऱ्या शनिवारी मी ड्यूटीवरून येत होते. लांबून पाहिलं तर दादा बॉनेटमध्ये वाकलेला आणि विल्यम शेजारी बंपरवर उभा. मला पाना दिसला. मी तिथूनच ओरडले, "दादा, सोड!"

तेवढ्यात सुईईई करून आवाज आला. पांढरी वाफ उसळली. नटावर बघता बघता पांढरं दव धरलं. दादानं दोन्ही हातांनी सांधा दाबून धरला, फडकं कोंबलं, परत हात लावला. त्याची बोटं भाजल्यासारखी पांढरी पडली तरी सोडेना. आणि विल्यम, त्याला काय कळणार, त्या वाफेपुढं गाल करून खिदळत होता. बाबा, किती गार! बाबा, बघा ना किती गार!

चार-दोन मिनिटांत सगळं संपलं. आप्पांनी भरलेला सगळा गॅस आमच्या कडुनिंबाखाली उडून गेला. दादा खाली मातीत बसला. वहिनी दारातून बघत होती. ती आत गेली आणि चादरी भिजवायला लागली.

त्या आठवड्यात विल्यमला ताप चढला. वॉर्डात नेला, बर्फ नव्हता. पंखा आणि ओली फडकी. एका दुपारी त्याचे डोळे फिरले तेव्हा वहिनीनं "योहान" म्हणून हाक मारली. ताप उतरला, पण नव्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून असे दोन-तीन झटके आले तर मूल हाताला लागणार नाही. मे अख्खा पुढं पडला होता.

मग दादा त्याला घोडनदीत घेऊन जायला लागला. नदी आटली होती, पण एका ठिकाणी खडकाच्या सावलीत डोह होता. सकाळी ऊन चढायच्या आत पोराला खांद्यावर टाकून न्यायचा आणि पाखरं परतायला लागली की आणायचा. कफ होईल, म्हणाले मी. तो म्हणाला, कफावर औषध हाय, लिडे. गाडी उभीच. भाडं बंद, म्हणून वहिनी दवाखान्याचे कपडे धुवायला लागली. भैरूआप्पांच्या मुलीचं लग्न आलं तेव्हा दादानं शब्द पाळला, गाडी नेली, नवरानवरी घामानं निथळत मिरवली. आप्पांनी त्याच्या बोटांकडं पाहिलं आणि पुरणपोळ्या बांधून दिल्या.

मी दुपारी भाकरी घेऊन डोहावर जायची. दादा छातीभर पाण्यात उभा असायचा आणि पोरगं त्याच्या हातांवर. पण मी पाहिलं, तो त्याला धरायचाच नाही. तळवे उघडे ठेवून नुसते खाली लावायचा, परडीत अंडी ठेवावीत तसे. बोटं मिटायचीच नाहीत. आधी वाटलं, भाजलेली बोटं दुखत असतील. पण ती केव्हाच बरी झाली होती.

एके दिवशी विल्यमचा पाय घसरला आणि तो गळ्यापर्यंत खाली गेला. दादानं त्याला वर घेतला, पुन्हा तसाच, तळव्यांवर. पोराला दम लागला होता. मी काठावरून उठलेच होते.

"बाबा," विल्यम म्हणाला, "घट्ट धरा ना."

दादानं माझ्याकडं पाहिलं. तो साठीला पोचेपर्यंत मी त्या माणसाला पुष्कळदा पाहिलं, पण तसा चेहरा पुन्हा कधी नाही. त्याचे ओठ हलत होते. मी म्हणाले, धर रे. पोराचं अंग आहे ते, तांबं नव्हे.

त्यानं धरला. आधी एका हातानं, मग दोन्ही. मग पाण्यात उभ्याउभ्या तो मोठ्यानं रडायला लागला आणि विल्यम त्याच्या पाठीवर ओल्या हातानं थोपटत राहिला. मी भाकरी सोडून ठेवली. वरचं ऊन अजून उतरायचं होतं.