कासवाचं तोंड

दक्षिणेकडच्या त्या जुन्या शहरात, पाठीवर बुरूज घेतलेलं कासव नाही अशी जागा सापडणं मुश्कील. बसवर कासव, बाकावर कासव, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा कासव. शहराची खूणच ती. आणि गेली तेहेतीस वर्षं ही सगळी कासवं नगरपालिकेच्या एकाच माणसाने रंगवली होती, पेंटरकाकांनी. काका तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कासवाचा विषय निघाला की कॉलर ताठ! "आपल्या हातून एक रेघ इकडची तिकडे झालेली नाही," हे वाक्य काकूंनी इतक्यांदा ऐकलं होतं, की अर्ध्यावरून त्या स्वतःच पुरं करून टाकत.

निवृत्तीआधीचं शेवटचं काम आलं तेही दणकट: वाचनालयाच्या नव्या इमारतीवर पुरुषभर उंचीचं कासव. एवढ्याला नेहमीचं पत्र्याचं स्टेन्सिल कुठून पुरणार? काका म्हणाले, मूळ दगडातलंच बघून येतो. ते वेशीवर, पार वर कोरलेलं. चुन्याचे इतके थर चढले होते, की खालून नुसतं टेंगूळ दिसायचं. दुरुस्तीसाठी नुकतीच परांची बांधून चुना खरवडला होता. काका गुडघ्यांना शिव्या घालत वर चढले.

दगडातल्या कासवाचं तोंड उजवीकडे होतं. काकांची सगळी कासवं डावीकडे बघणारी!

घरी येऊन त्यांनी स्टेन्सिल पुढ्यात घेतलं, तेव्हा आठवलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, नव्या उत्साहात, आधीच्या पेंटरकडून, म्हणजे उस्तादांकडून आलेला तो पत्रा त्यांनी रॉकेलने घासून लख्ख केला होता. कुठली बाजू वर धरायची याची उस्तादांनी केलेली लाल खूण त्यात साफ निघून गेली. उस्तादांच्या जुन्या कासवांचा रंग तर तोवर उन्हाने पार उडाला होता. काकांनी पत्रा धरला तो उलटा, आणि जन्मभर तसाच धरला.

"कुणाला कळणार आहे?" काकू म्हणाल्या. "काढा नेहमीसारखं आणि व्हा मोकळे. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा चळला."

भीती तीच तर होती. काकांनी आयुष्यात कमावलं होतं ते नाव, दुसरं काही नाही. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी वाचनालयाला शिडी लावली आणि तोंड उजवीकडे काढलं.

बोभाटा व्हायला तासही लागला नाही. "काका, कासव उलटं फिरलं की हो!" "चष्मा बदला आता!" समोरचा शिंपी तर मशीन सोडून रस्त्यावर येऊन हसला. काकांनी मान खाली घालून ब्रश धुतले.

संध्याकाळी इस्त्रीवाल्या मावशी गाडी ढकलत दाराशी आल्या. "गाडीवर एक कासव काढून द्या, पेंटरकाका. पण खरं हं. वाचनालयावरचं ते चुकलेलं नको."

आता मात्र काकांना राहवेना. पत्रा, रॉकेल, लाल खूण, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. "खरं ते वाचनालयावरचंच, मावशी. चुकलो मी. एक दिवस नाही, तेहेतीस वर्षं चुकलो!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"असेल बापडं ते खरं," मावशी म्हणाल्या. "पण वेशीवरचं आम्ही कुठे बघितलंय? लग्न होऊन या शहरात आले, कुणी ओळखीचं नाही, रडत होते. तेव्हा स्टँडवर तुमचं कासव दिसलं आणि हसू आलं मला. तेच काढा. डावीकडचं."

काकांना भयंकर लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, आनंदही झाला. इतका झाला, की मावशींना तो दिसू नये म्हणून ते लगबगीने ब्रश आणायला आत गेले.