मला साखर आहे, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याच्यापासून मी दुसरं काहीच लपवलेलं नाही, म्हणून हे जास्त टोचतं. तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनही असेल. ओळखीच्या माणसाचा चेहरा पडलेला बघवत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सांगलीत एका डॉक्टरांच्या मधुमेहाच्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून लागले. हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक? पेशंट मला ‘बोलायच्या बाई’ म्हणत. आत डॉक्टर तपासायचे, औषध लिहून द्यायचे, मग माणूस माझ्या खोलीत यायचा. पथ्य पाळायला, चालायला, सुई न चुकवायला त्याच्या मनाची तयारी करायची, हे माझं काम. आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बसवून बोलायचं. मी बोलायचेही छान — म्हणजे मला तसं वाटायचं. लोक माना डोलवायचे, आणि पुढच्या खेपेला साखर होती तिथंच. किंवा वर.

त्यांत तासगावचे एक सुभेदार होते. फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला कडक. एकदा माझं बोलणं मध्येच थांबवून ते उभे राहिले.

“बाई, तुमी सांगताय ते बराबर हाय. पर तुमी आता घरी जाऊन गुळाची पोळी खाणार, आन् आमी काकडी चावणार. तुमाला काय कळायचं ह्यातलं?”

सगळे हसले. चिडवायचं म्हणून नाही — मनातलं कुणीतरी बोललं म्हणून. माझे कान तापले. मी म्हणाले, “मलाही साखर आहे.”

कुठून आलं ते वाक्य? मी ते ठरवलं नव्हतं, एवढंच सांगू शकते. सुभेदार माझ्याकडे बघत राहिले, म्हणाले, “एवढ्या लहान वयात?” आणि खाली बसले.

त्या वेळी सावरता आलं असतं. हसून ‘चुकून बोलले’ म्हणता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात सुभेदार आले ते दोघांना घेऊन. महिनाभरात बसायला सतरंजी पुरेना. लोक मला विचारू लागले — पायाला मुंग्या येतात का, लग्नाच्या पंगतीत काय करता? मी उत्तरं देत गेले. दवाखान्यात बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. कुणी पेढे आणले की हात मागे घ्यायचे. डॉक्टर आमच्या बैठकीला कधी येत नसत, आणि पेशंटना वाटे, डॉक्टरांना माहीत असणारच. लोकांची साखर मात्र खरोखर उतरत होती. मग खोटं वाईट कसं — असं मी स्वतःला विचारायचे. उत्तर यायच्या आत दुसऱ्या कामाला लागायचे.

मग सुनंदा आली.

आटपाडीकडची मुलगी, विशीतली. शाळेत असल्यापासून तिला इन्सुलिन चालू होतं. घरात फ्रिज नव्हता. औषधाची बाटली ती ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. नवरा लष्करात, दूर. सगळं सांगून-सवरून लग्न झालेलं. आता तिला मूल हवं होतं आणि भीतीही तेवढीच वाटत होती. साखर ताब्यात ठेवलीस तर होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नव्हतं. माझ्या खोलीत येऊन तिनं दार लोटून घेतलं.

“बाई, तुमाला पोरगं झालं तवा तुमी सुई घेत हुता का?”

माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. दवाखान्यात कधी कधी यायचा, सगळ्यांना माहीत होता. काय सांगायला हवं होतं मी? ‘मला माहीत नाही, पण मी तुझ्यासोबत राहीन’ — एवढंच ना? अवघड होतं का ते?

“घेत होते,” मी म्हणाले. “बघतेस ना, किती धडधाकट आहे तो.”

तिनं पदरात तोंड खुपसलं आणि रडली. मग हसली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढं तिला दिवस राहिले. एसटीनं तेवढ्या लांबून ती नेमानं यायची. साखर अशी सांभाळली होती की डॉक्टर इतरांना तिचं उदाहरण देत. माझ्याकडं आली की विचारायची — पोट मोठं झाल्यावर सुई कुठं टोचत होता, भूक जास्त लागायची का? पुस्तकं वाचून, डॉक्टरांना आडून आडून विचारून मी तिला सांगायचे. एकदा ती म्हणाली, सकाळी हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो. तुमालाबी व्हायचं का?

हे साखर खाली गेल्याचं लक्षण. मला शिकवलेलं होतं, मी दुसऱ्यांना शिकवत होते. ‘आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांग’ — एवढं माझ्या तोंडून यायला हवं होतं. पण ‘मलाही’ म्हणायची जिभेला इतकी सवय झाली होती —

“व्हायचं,” मी म्हणाले. “होतं तसं.”

त्या आठवड्यातच ती चुलीपुढं कोसळली. सासूनं हिरड्यांना साखर चोळली, शेजारच्याची जीप काढायला लावली आणि तिला सांगलीला आणलं. मी पोचले तेव्हा सुनंदा शुद्धीवर आली होती. डॉक्टर पलंगाशी उभे राहून तिला रागावत होते. इतके दिवस थरथर होत होती तर लपवलंस का, पोटातल्या जिवाचा तरी विचार करायचास, असं बरंच काही. ती मान खाली घालून म्हणाली, “मला वाटलं, होतं तसं.” सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

डॉक्टर गेल्यावर तिनं माझा हात धरला.

“तुमचं नाव न्हाई घेतलं मी,” ती म्हणाली. “तुमी चांगल्यासाठीच सांगितलं हुतं.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टर बाहेर व्हरांड्यातच होते — चार पावलं टाकायची होती. मी टाकली नाहीत.

डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं, ती निभावली. पुढं तिला मुलगी झाली. अंगानं चांगली भरलेली. काही दिवस देखरेखीखाली ठेवली, मग आईच्या कुशीत दिली. सासूनं दवाखानाभर बर्फी वाटली. मी ती घेतली नाही. माझं सोंग तेव्हाही चालूच होतं.

त्यानंतर मी स्वतःबद्दल बोलणं बंद केलं. मला काय होतं ते सांगण्याऐवजी विचारायला लागले — तुम्हाला काय जमेल? कशासाठी बरं व्हायचंय? सुभेदारांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, नातीच्या लग्नात कुणाचा आधार न घेता उभं राहायचं हाय. ते उभे राहिले. नंतर नाचलेसुद्धा, असं त्यांची सून सांगते. लोक म्हणाले, बाईंची पद्धत फार चांगली. पद्धत खरोखर चांगली आहे, आजही मी तीच शिकवते. ती मी कशी शिकले, हे मात्र कुणी विचारलं की कुठल्यातरी प्रशिक्षणाचं नाव सांगते.

सुनंदा आता आटपाडीत नव्यानं इन्सुलिन सुरू झालेल्या पोरींना जमवते. सुई धरायला शिकवते, आयांची समजूत काढते, थरथर झाली तर एक क्षण थांबायचं नाही, हे दरडावून सांगते. तिच्यामुळं कितीतरी मुली शिकल्या, संसाराला लागल्या. ती सांगते ते सगळं खरं असतं, स्वतः भोगलेलं असतं. फक्त शेवटी ती म्हणते, “आमच्या बाईंनाबी हीच साखर हाय, बघा.” गेल्या वर्षी मी तिथं समोरच बसले होते. पोरी वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी हात जोडले.

रविवारी मी आटपाडीला जाते आहे. तुम्ही हे वाचाल तोवर तिला माझ्या तोंडून कळलेलं असेल. तिनं काय म्हणावं, हे मी मनात रंगवत नाही. तो तिचा प्रश्न.

सुनंदा, मला साखर नाही. कधीच नव्हती. डॉक्टर त्या दिवशी तुला जे बोलले, ते मी ऐकून घ्यायला हवं होतं.