विहिरीतला फुटबॉल

मुग्धा, फोन ठेवू नकोस. जेवत असशील तर जेवता जेवता ऐक, पण ऐक. काल मुरबाडला जे झालंय ना, ते मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या ग्रुपने पाण्याखालची फोटोग्राफी सुरू केल्यापासून कालपर्यंत एक धड फोटो नव्हता निघाला. किस्से मात्र असे साठलेत की मेमरी कार्डात मावायचे नाहीत. कालचा सगळ्यात भारी आहे. पण तो डायरेक्ट सांगितला तर तुला कळणार नाही, म्हणून लाइनीत घे.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं, एकाच ऑफिसातले. ॲडी, ज्याचा कॅमेरा. त्याने गोव्याला जाऊन वीकेंडचा कोर्स केला, त्यामुळे ज्ञानसुद्धा त्याचंच. निल्या, ज्याचं आजोळ मुरबाडकडे. आणि मी. मला पोहता येतं, बस एवढंच क्वालिफिकेशन.

*

पहिला प्रयोग कुठे केला, गेस कर. मुलुंडला, ॲडीच्या बाल्कनीत, पाण्याच्या पिंपात.

कॅमेऱ्याची ती वॉटरप्रूफ केस असते ना, ती आधी रिकामी बुडवायची, आत टिश्यू पेपर ठेवून. टिश्यू कोरडा राहिला तर केस पास. हे कोर्समध्ये शिकवतात. तर ॲडी पिंपात खांद्यापर्यंत हात घालून उभा, चेहरा असा की पाणबुडी सोडतोय. त्याची आई आली.

"आत काय आहे रे?"

"टिश्यू."

"आणि कॅमेरा?"

"तो कपाटात."

काकूंनी पिंपात डोकावून बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "कोर्सचं सर्टिफिकेट पण त्यातच ठेव. बघूया कोरडं राहतं का."

*

पिंप झाल्यावर ॲडीसरांची पुढची झेप कुठे? थेट तानसा. मधलं काही नाहीच. पिंप, मग धरण.

मी म्हटलं, अरे तिथे सोडत नाहीत. तर म्हणे, "आपण आर्टिस्ट आहोत, समजावून सांगू." रविवारी सकाळी शहापूरला उतरून, रिक्षा करून गेलो. गेटवरच्या काकांना ॲडीने पाण्याखालचं अद्भुत विश्व, प्रकाशाचे खेळ, असं बरंच काही ऐकवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी कुठले?"

"मुलुंड."

"मंग इथवर कशाला आलात? घरी जा, नळ सोडा. हेच पाणी येतंय तिथं."

परतीच्या रिक्षात ॲडी म्हणाला, सिस्टिमला आर्ट कळत नाही. निल्या म्हणाला, माझ्या मामाची विहीर आहे, तिथे सिस्टिम नाही.

तिथे काय काय आहे, ते काल कळलं.

*

काल कल्याणहून एसटीने मुरबाड, तिथून जीप. जीपमध्ये ॲडीने कॅमेऱ्याची बॅग मांडीवर अशी धरली होती की शेजारच्या आजींनी विचारलं, "बाळ किती म्हयन्याचा?"

आता विहिरीचा मामला नीट समजून घे. निल्याचे मामा दोन. थोरला दामूमामा, धाकटा बबनमामा. विहीर एकच, सामाईक. मोटारी दोन. पाळी ठरलेली, एक दिवस याची मोटर, एक दिवस त्याची. यंदा काय झालंय, मोटर चालू केली की थोड्या वेळात पाणी खाली जातं आणि मोटर हवा घ्यायला लागते. दोघांची भेंडी सुकायला लागलीये. दामूमामा म्हणतो, बबन माझ्या पाळीत चोरून पाणी ओढतो. बबनमामा म्हणतो, दादाच ओढतो. दिवाळीपासून बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद, एकमेकांबद्दल फुल चालू.

आणि दोघांच्या मध्ये तात्या. शेजारचे, वयाने मोठे, पांढरी टोपी, आवाज कधी चढत नाही. दोघं भाऊ फक्त त्यांचं ऐकतात. गेल्या मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायचा होता, तेव्हा कामावरून दोघांची जुंपू नये म्हणून तात्यांनीच भर उन्हात उभं राहून सगळं करून घेतलं. एक पैसा न घेता. गावात अजून कौतुक चालू आहे.

आम्ही आल्या आल्या तात्यांनी त्यांच्या शेतातली काकडी कापून दिली. विहिरीखालच्या उतारावर त्यांचं शेत आहे. इकडे मामांची भेंडी मान टाकून उभी, तिकडे काकडी काय, वाल काय, सगळं हिरवंगार. मी म्हटलं, "तात्या, तुमचंच कसं इतकं छान?"

"देवाची कृपा गो पोरी. आमी भावाशी भांडत नाय ना."

असं वाटलं, फ्रेम करून ऑफिसात लावावं.

*

कॅमेरा बाहेर काढला आणि दामूमामा गायब. जरा वेळाने आला तर इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, विहिरीच्या काठावर हात सरळ ठेवून उभा. हसणं वगैरे नाही. तिकडे धावतपळत बबनमामा पण आला, नवीन शर्टात, पलीकडच्या काठावर तसाच उभा.

आम्हाला काही कळेना. तेव्हा निल्याला टोटल लागली. गावात कॅमेरेवाला आला म्हणजे योजनेचा फोटो. विहीर असो, गोठा असो, संडास असो, त्याच्या शेजारी मालक उभा असल्याशिवाय फोटो धरत नाहीत. लाभार्थी दिसायला पाहिजे.

ॲडीने समजावलं, "मामा, आम्ही वरून नाही काढणार. पाण्याखालचे फोटो काढणार."

दामूमामाने क्षणभर विहिरीत बघितलं. मग शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"मंग लाभार्थ्यानं खाली उतरायला पायजे का?"

*

विहिरीला पायऱ्या नाहीत. उतरायचं म्हणजे कमरेला दोर आणि टायरची ट्यूब. दोर धरायला दोन माणसं लागतात, पण दोघं मामा एका दोराला हात लावायला तयार नाहीत. शेवटी दोर तात्यांनी घेतला, मागे निल्या.

उतरण्याआधी ॲडीने सगळ्यांना उभं करून सिग्नल शिकवले. "पाण्यात अंगठा वर केला म्हणजे 'मस्त' असं नाही. अंगठा म्हणजे वर ओढा. जगभर हाच नियम आहे." तात्यांनी मान डोलवली.

सर उतरले. पाणी थंडगार, पण आव बघायचा होतास. ट्यूबला लटकून केस सेट करतायत तेवढ्यात थोरल्या मामी आल्या आणि वाकून विचारलं, "पोरा, चा घेशील का?"

ॲडीने अंगठा वर केला.

तात्यांनी एका झटक्यात त्याला पाण्याबाहेर काढलं. ट्यूब खाली, ॲडी वर, गोल गोल फिरतोय आणि ओरडतोय, "चहाला हो म्हटलं, चहाला!"

मामी म्हणाल्या, "वर घेतला ते बराच केला. चा काय खाली सोडायचा व्हता?"

*

दुसऱ्या फेरीत फोटो निघाले. सगळे फ्लॅश मारून. आता कोर्समध्ये हे पण शिकवलं असणार की गढूळ पाण्यात फ्लॅश मारला तर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो. पण बहुतेक त्या तासाला सर बीचवर होते.

फोटो बघायला सगळे जमले. काळ्या स्क्रीनवर पांढरे ठिपके, फक्त ठिपके. ॲडी म्हणाला, "याला एक वेगळं टेक्श्चर आलंय."

दामूमामाने फोटो सरळ बघितला, आडवा बघितला.

"मुंग्या आल्यात. अँटेना फिरव जरा."

*

पण फोटो निघतात हे बघून दामूमामाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने ॲडीला बाजूला घेतलं.

"असा कर. खाली माझा फुटबॉल हाय, त्याचा फोटो काढ. बबननं त्याला काय तरी केलाय. पुरावा पायजे."

ॲडीने माझ्याकडे बघितलं, मी निल्याकडे. निल्या म्हणाला, "मामा, तू कधीपासून खेळायला लागलास?"

"खेळतो कोण? मोटारीचा फुटबॉल."

आता मोटारीला फुटबॉल काय, हे विचारायचं कोणी? आम्ही शहरातले, आम्हाला सगळं कळतं. ॲडी परत उतरला, पार थरथरत. दम धरून खाली गेला, वर आला, परत गेला. शेवटी ट्यूब धरून ओरडला, "मामा, फुटबॉल नाहीये खाली. एक कळशी आहे, एक चप्पल आहे. बॉल वगैरे काही नाही."

मग दामूमामा तात्यांकडे वळला. "ऐकलात? फुटबॉलच नेला. मुळातच चोरला."

पलीकडून बबनमामा. "तात्या, त्याला सांगा, ह्याचा फुटबॉल घेऊन मी काय पूजेला लावू?"

"तात्या, त्याला सांगा, उद्या तालुक्याला जातो. केस टाकतो."

"तात्या, त्याला सांगा, आजच जा. जीप मिळंल."

मामी मध्ये पडल्या म्हणून बरं. त्यांनी मला हाताला धरून घराच्या पडवीत नेलं आणि एक जुना गंजका प्रकार दाखवला, पाइपच्या तळाला लावतात तो, जाळीचा, व्हॉल्व्हचा. पाणी वर घेतो, खाली सोडत नाही. "ह्यो फुटबॉल." फूट व्हॉल्व्ह, मुग्धा. फूट व्हॉल्व्हचा फुटबॉल. आणि आमचा सर्टिफाइड माणूस पाण्यात वर्ल्ड कपचा बॉल शोधत होता.

*

एवढं होईपर्यंत दोघं भाऊ इतके तापले होते की आता फोटो हवाच, असं झालं. खरं सांगते, तोपर्यंत मला मजा वाटत होती. पण बबनमामाची बायको एका कडेला उभी राहून भेंडीच्या सुकलेल्या ओळींकडे बघत होती. तेव्हा मला जरा कसंतरी झालं. मुलीच्या कॉलेजचं सगळं याच भेंडीवर आहे त्यांच्या.

तात्या आधी नको म्हणाले. "पाण्याखाली काय दिसतंय, उगाच पोरांना तरास." पण दोघंही ऐकेनात. मग तात्यांनी फैसला दिला, त्यांच्या त्या शांत आवाजात. "बरा. पोरीला उतरू द्या. फोटोत ज्याचा खोटा दिसंल, त्याचा पाइप आजच्या आज कापायचा आणि त्यानं ह्या विहिरीचा नाव सोडायचा. कबूल?"

दोघं म्हणाले कबूल. गावातले पाचसहा जण जमले होते, ते पण म्हणाले कबूल.

ॲडी गोधडीत. म्हणून मी. दोर तात्यांच्याच हातात, कारण तेच एक न्यूट्रल. निल्याला दोघांनी मिळून बाजूला केलं. प्रत्येकाला तो दुसऱ्याचा भाचा वाटत होता.

फ्लॅश बंद केला. दुपारचं ऊन सरळ विहिरीत येत होतं, तेवढा उजेड पुरला. दम धरून खाली गेले आणि मुग्धा, पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं. दगडांवर हिरवं शेवाळ, उन्हाच्या पट्ट्या, बोटाएवढे मासे. आणि दोन पाइप, शेजारी शेजारी. दोघांचे फुटबॉल ठणठणीत, एका उंचीवर, अगदी सख्ख्या भावांसारखे. कोणीच काही केलेलं नाही. मी फोटो काढला. इतक्या खुशीत क्लिक आयुष्यात केला नव्हता.

वळले, आणि तिसरा पाइप दिसला.

काळा, नवा. मोटारीकडे वर जाणारा नाही. आडवा. विहिरीच्या भिंतीत एक भोक, त्याला अलीकडचं सिमेंट, आणि पाइप त्यातून आत. उताराच्या बाजूला.

त्याचाही फोटो काढला. एकदम शार्प. ठिपका नाही, मुंगी नाही.

वर आले, ट्यूब धरली, डोळ्यातलं पाणी पुसलं. वर गोल आकाश आणि काठाला गोल सगळी तोंडं. दामूमामा. बबनमामा. दोघांच्या बायका. ॲडी गोधडीतून. सगळे एकदम, "काय दिसला?"

आणि मधोमध तात्या, माझा दोर मनगटाला गुंडाळून. त्यांनी दोर जरा ओढून बघितला, पक्का आहे ना म्हणून. हसले.

"पाणी गढूळच असंल ना गो पोरी? नीट दिसला नसंल काय."

मुग्धा, पायऱ्या नाहीत त्या विहिरीला. तू काय सांगितलं असतंस?