अंबादास म्हणायचं कुणी?

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यापाशी आत्या वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते आणि तेवढ्यात मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. धाकट्या भावाला मुलगा झाला तेव्हा ते धपाटे खायला मी एका पायावर तयार होते. नावही मनात पक्कं होतं, अंबादास. आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

अंबादास म्हणजे अंबेचा सेवक. आजोबांनी तामलवाडीहून तुळजापूरला चालत जाऊन देवीला नवस केला, त्यानंतर अण्णा झाले. असे नवसाचे अंबादास तेव्हा गल्लोगल्ली होते. अण्णांच्या वर्गातच तिघं. एक उंच, एक ठेंगणा, आणि आमचे अण्णा ‘बडबडे’, अशी मास्तरांनी त्यांची वाटणी केली होती. आता मी स्वतः शाळेत शिकवते. हजेरीत विहान येतात, शिवांश येतात, अंबादास एकही येत नाही. मला त्याचा राग येतो, आणि राग लपवायची मला सवय नाही.

भावजय फोनवर म्हणाली, “ताई, ‘दास’ कशाला? पोरं चिडवतील त्याला.”

“देवीचा दास म्हणजे आणखी कुणाचा नाही,” मी सुनावलं. “अण्णा कधी कुणापुढं वाकले?”

साहेब असो की सरपंच, अण्णा खरं ते तोंडावर सांगून यायचे. हे तिलाही ठाऊक होतं. मग तिनं हुकमाचा एक्का काढला. “पण आई त्याला हाक कशी मारतील? त्यांना जमणार असेल तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर रियांश.”

आईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा म्हणे ती रडायलाच लागली. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची आणि मी ऐटीत सांगायचे. आरतीत ‘अंबा’ आलं तरी तिचे ओठ मिटायचे. अण्णा गेल्यावरही ते सुटलं नाही. भावजयीचं बरं आहे, ती माझ्या भावाला चारचौघांत ‘अरे’ करते. पण आजीलाच हाक मारता येणार नाही असं नाव नातवाला ठेवायचं तरी कसं? मी आईला विचारलं. “बघू की,” एवढंच ती म्हणाली.

बारशाचा दिवस उजाडला तरी तिनं काही सांगितलं नव्हतं. पाळण्यावर वाकले आणि मला धीरच होईना. मी वळून पाहिलं. आई मागं, दाराशी उभी होती. विधवेनं पाळण्यापाशी यायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलेलं.

“सांग की गं,” ती म्हणाली. “खोळंबलीस कशापायी?”

“कुठलं सांगू?”

बायका हसल्या. आई हसली नाही. पदर सावरत ती सगळ्यांमधून पुढं आली आणि बाळाकडं बघून म्हणाली, “अंबादास.” आवाज नीट फुटला नाही, म्हणून तिनं पुन्हा, चांगलं मोठ्यानं म्हटलं, “ए अंबादासा!”

धपाटे घालायला उचललेले हात तसेच राहिले. भावजय डोळे पुसत होती. मला आईचा फार अभिमान वाटला, आणि बाळाच्या कानात तेच नाव मी सांगितलं. मग मात्र बायकांनी माझी पाठ चांगलीच शेकून काढली.

त्या दिवशी आई येता-जाता पाळण्यापाशी थांबून बाळाला नावानं हाक मारत होती. दुपारी बाळ झोपलं तरी तिचं चालूच होतं. शेवटी मी म्हटलं, “आई, झोपू दे की त्याला.”

“झोपू दे की,” ती म्हणाली. “म्या त्याला कुठं उठवतेय? इतक्या वर्सांचं म्हणायचं ऱ्हाऊन गेलंय.”