सात निळे

पडदा बघून पेशंटला शांत वाटलं पाहिजे, एवढंच पडद्यांची ऑर्डर देताना हॉस्पिटलने सांगितलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरला के. आर. पुरमच्या एका हातमागाच्या शेडमध्ये मी डिझाइनर होते. पुण्याहून आलेली, पंचविशीतली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. आठवडाभर जवळच्या तळ्यावर जाऊन बसले आणि पाण्याचं डिझाइन काढलं. सात निळे, एकमेकांना इतके जवळचे की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळूच नये. मला त्याचा कोण अभिमान!

विणायला दिलं ते शेडमधल्या सगळ्यात जुन्या विणकराला. ते सीमाभागातले, मराठी बोलणारे. मी त्यांना अण्णा म्हणायची आणि वयाने माझ्या दुप्पट असून ते मला अक्का म्हणत. डिझाइनचा कागद बघून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अक्का, दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दिवाळी झाली की आप्रेशन. तवर मालकाला कळलं तर माग जातोय माझा. हे सात रंग मला एकच दिसत्यात."

कुणाला सांगणार नाही, असं मी वचन दिलं. तोड त्यांनीच काढली. शेजारचा विणकर रोज सकाळी सात रंगांच्या सुताचे सात डबे फळीवर मांडून द्यायचा. जास्त लागणारा रंग हाताजवळ, कमी लागणारा लांब. अण्णा जागेवरून रंग ओळखायचे. तीन आठवडे कापड असं उतरलं की बघत राहावं.

मग एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी त्यांच्या मागापाशी गेले. डबे कसेही ठेवलेले, गडद निळ्याशेजारी एकदम फिका. मला असलं बघवत नाही. घरी डाळींचे डबेसुद्धा मी लावत बसते. मी ते फिक्यापासून गडदपर्यंत नीट ओळीने लावले आणि खूश होऊन निघून गेले. अण्णांचे डोळे माझ्या डोक्यातही नव्हते.

संध्याकाळी मालक आले तेव्हा पाण्याचं पार वाटोळं झालेलं होतं. हातभर कापडावर नुसते काळपट पट्टे. डबे मीच हलवले होते, ते मला तेव्हा आठवलं.

"ये आपने बदलने को बोला था?" मालकांनी मला विचारलं.

हो म्हणाले असते तर ओरडा खाऊन विषय संपला असता. अण्णा माझ्याकडे तोंड करून थांबले होते.

"नहीं," मी म्हणाले. भ्याले, दुसरं काही नाही.

मालकांनी अण्णांना खिडकीपाशी नेलं, दोन हातांत सुताच्या दोन कांड्या धरल्या आणि गडद कुठली ते कन्नडमध्ये विचारलं. अण्णांनी बोट दाखवलं. ते चुकलं. उद्यापासून येऊ नका, असं मालक शांतपणे म्हणाले. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला तेवढं एक वाक्य पुरलं.

जेवणाचा डबा पिशवीत घालून अण्णा निघाले. मी फाटकापर्यंत मागे गेले. त्यांनीच विचारलं, "फळीवरचं डबं तुमीच हलिवलासा न्हवं?"

"हो."

"मग तेवढंच तितं बोलायचं हुतं, अक्का."